दुसऱ्याच्या नावाची पत्रं

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

टण्, टण्, टण्. जरा थांबून, टण्.

आज दाढी करताना कानात वाजलं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा आवाज. आई मागच्या दारी उभी राहून तांब्यावर पितळेची पळी आपटायची. मी आणि सुनीती खाडीच्या चिखलात खेकड्यांच्या बिळांत काड्या घालत बसलेले असू. पहिले तीन ठोके म्हणजे पानं वाढली आहेत. शेवटचा एक म्हणजे आता आला नाहीत तर पळी पाठीत. त्या शेवटच्या ठोक्याला आम्ही असे पळायचो की सुनीतीची एक चप्पल हमखास चिखलात राहायची.

दाढी अर्धी टाकून कागद घेतला आणि तो आवाज आजच्या पत्रात घातला.

हे पत्रांचं काम वहीत कधी नोंदलंच नाही, ते आज लिहितो. गणपती झाल्यावर उन्नती आली होती, पेढे घेऊन. माझी विद्यार्थिनी, नववी ब, शेवटचा बाक. आता चाळिशीकडे झुकली आहे. म्हणाली, "सर, उतारवयातल्या लोकांची लग्नं जुळवायचं केंद्र काढलंय ऑनलाइन. माणसं चांगली आहेत हो, पण दोन ओळी धड लिहिता येत नाहीत. आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांना गुड मॉर्निंग नको असतं, पत्र हवं असतं. तुमच्यासारखं मराठी आता लिहितं कोण?"

खरंच, कोण लिहितं? चौतीस वर्षं मी शिकवलं. शाळेच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता, तर त्या खटाखटीवर मुलांना भुजंगप्रयात म्हणायला लावायचो. निवृत्त झालो त्या दिवसापासून ह्या गावात माझ्याकडे कुणी एक ओळ मागितली नाही. रोज पहाटे फोनवर गुलाबाचं चित्र आणि खाली 'शुभ सकाळ, हसत रहा'. ते पाठवणाऱ्यांना उठाबशा काढायला लावाव्यात असं वाटतं.

उन्नती सांगते तसं मी लिहितो. 'विधुर, नागपूरचे डॉक्टर, बागेची आवड', एवढंच सांगते. नाव सांगत नाही, ग्राहकांच्या अब्रूचा प्रश्न असतो म्हणे. मी शाईच्या पेनाने लिहितो, फोटो काढून पाठवतो. पाकीट मिळतं, पण पाकिटासाठी नाही. सुनीतीला मी आठवणी लिहितोय असं सांगितलं आहे. ते काही खोटं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

दूध उतू गेलं. सुनीती शेगडीपाशीच उभी होती, फोनमध्ये बघून हसत. ओटा, शेगडी, फरशी, सगळीकडे दूध.

"काय चाललंय तुझं?"

"दादा, ओरडू नकोस. सांगणारच होते." फडकं पिळता पिळता म्हणाली, "माझी एकाशी ओळख झालीय. फेसबुकवर. अनिमेष नाव. बोटीवर इंजिनिअर आहेत. बायको जाऊन सहा वर्षं झाली."

सहासष्ट वर्षांची बाई! माझी बायको गेली, तिचा नवरा गेला, तेव्हापासून आम्ही दोघं भावंडं भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या ह्या दोन खोल्यांत राहतो. आठ वर्षांत तिने मला न सांगता भाजीसुद्धा आणली नव्हती.

"पाहिलंस का त्याला?"

"फोटो आहे."

"फोटो माझ्याकडे सम्राट अशोकाचाही आहे. समोरासमोर बोललीस? तो व्हिडिओ का काय असतो त्याच्यावर?"

"बोटीवर नेट नसतं रे तेवढं."

"पत्रं पाठवायला असतं?"

मग मी बोललोच. पेपरात काय कमी येतं? ज्याचा चेहरा दिसत नाही, ज्याला पंधरा दिवसांत लग्नाची घाई होते, जो 'घरी इतक्यात सांगू नकोस' म्हणतो, तो माणूस चोर. "म्हणाला ना, सांगू नकोस?" तिने फडकं पुन्हा पिळलं. म्हणजे म्हणाला होता. माझं डोकं फिरलं. ह्या लोकांना चौकात उभं करून फटके द्यायला हवेत. एकट्या बायकांच्या मनात हात घालून खिसे कापतात.

सुनीती शेवटी म्हणाली, "तू त्याचं एक पत्र वाच आणि मग बोल. चोर असं लिहीत नाही."

मी म्हटलं, दुसऱ्याची पत्रं मी वाचत नाही. ते माझं तत्त्व आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आठवडाभर अबोला होता. आज तिनेच मोडला. मटार सोलताना, खाली बघत.

"दादा, त्यांच्या आईपण तांब्या वाजवायच्या."

"कुणाच्या?"

"अनिमेषच्या. जेवायला बोलवायला. तीन ठोके, मग थांबून एक. मी त्यांना आपलं काहीच सांगितलं नव्हतं रे. आपणहून लिहिलंय. त्यांचं घरसुद्धा खाडीकाठी होतं." तिचे डोळे भरून आले होते. "मला वाटलं, आपल्याच आळीत वाढलेला कुणीतरी बोलतोय."

मी सोलायचा थांबलो. म्हणजे अशा आया घरोघरी होत्या तर! मी वेडा, इतकी वर्षं समजत होतो की ती पळी आमच्याच घरात वाजायची. सगळ्या कोकणपट्टीत वाजत असणार. आणि त्या माणसाच्या कानात ती अजून आहे.

लबाडाला हे सुचेल का? पैसा चोरता येतो, फोटो चोरता येतो, आईच्या पळीचा ठोका कुठून चोरणार? मी तिला म्हटलं, "सुनीती, माणूस संस्कारांतला दिसतोय. मी उगाच बोललो." ती लहानपणी हसायची तशी मान तिरपी करून हसली आणि सोललेले मटार माझ्या मुठीत ओतले.

रागाच्या भरात आपण किती अन्याय करतो. हे लिहून ठेवतो, पुढच्या वेळी आठवण राहावी.

२६ नोव्हेंबर, बुधवार

उन्नतीचा फोन आला. "सर, पत्रं जोरात चाललीत. आता एखादी कविता द्या ना. छोटी. प्रेमाची, पण सभ्य."

पाच वर्षांत दोन ओळी सुचल्या नव्हत्या, त्या आज दुपारी नाक्यावर रिक्षांच्या गोंगाटात उभा असताना सुचल्या. भुजंगप्रयातात, गण न चुकता:

तुझ्या ओटिला ऊन बांधून देतो,
उशीराच आलो, तुझी वाट घेतो.

घरी येईपर्यंत पुटपुटत होतो. एक रिक्षावाला म्हणाला, "चाचा, किससे बात कर रहे हो? सिग्नल छूट गया." मी त्याला म्हटलं, अपने आप से. म्हणाला, "अच्छा है, बिल नहीं आता."

उन्नतीला फोनवर वाचून दाखवू म्हटलं, तर म्हणते, "सर, वाचत बसले तर माझं काम झालंच. तुम्ही फोटो टाका. ॲप अक्षरं उचलतं, मी पुढे ढकलते. तुमच्यावर विश्वास आहे."

म्हणजे एवढ्या महिन्यांत तिने एकही पत्र वाचलेलं नाही. नववीतही पहिल्या कडव्यापुढे जायची नाही. मनाला लागलं. पण ज्यांच्यासाठी लिहिलं ते तरी वाचत असतील.

२ डिसेंबर, मंगळवार

सुनीती नारळ खवत होती आणि गुणगुणत होती. मी पाणी प्यायला आत गेलो.

तुझ्या ओटिला ऊन बांधून देतो.

तिच्या तोंडून. माझी ओळ. जी मी ह्या घरात मोठ्याने म्हटलेली नाही.

"ही कुठली?" मी विचारलं.

"त्यांची," ती लाजली. "कालच आलीय. स्वतः केलीय माझ्यासाठी."

हातातलं भांडं खाली पडलं.

आज अधिक लिहिता येत नाही. मी अनिमेष आहे. मी नागपूरचा डॉक्टर आहे. देव जाणे मी आणखी कोण कोण आहे. आईची पळी मीच चोरून मीच विकली, आणि माझ्याच बहिणीने ती घेतली.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी चहा व्हायच्या आत तिला सगळं सांगितलं. उन्नती, पेढे, पत्रं, सगळं. कच्च्या मसुद्यांची वही समोर ठेवली. 'बघ, हा तांब्या. ही कविता, तारखेसकट.'

तिने पानं उलटली. पांढरी फटक पडली. मग मला वाटलं होतं त्याहून भलतंच बोलली.

"माझा फोन चोरून वाचलास?"

"सुनीती..."

"वाचलास आणि उतरवून काढलंस. तारखा काय, कुणीही घालतं. तुला बघवत नाही ना? पहिल्यापासून नाही बघवत. मी मॅट्रिकला तुझ्यापेक्षा चार मार्क जास्त मिळवले, तेव्हापासून नाही."

"अगं, तांब्या आपल्या आईचा आहे!"

"मग? तूच म्हणालास ना, घरोघरी असेल! त्या दिवशी संस्कारांतला माणूस होता, आज चोर झाला?"

मीच तिला हे हत्यार दिलं.

खरी गोष्ट त्यानंतर कळली. अनिमेषने तिच्यासाठी पार्सल पाठवलं आहे, ते दिल्लीला कस्टममध्ये अडकलं आहे आणि सोडवायचे पैसे शुक्रवार संध्याकाळपर्यंत भरायचे आहेत. तिच्याकडे तेवढे नाहीत. ती आईच्या पाटल्या मोडणार आहे. सोनाराशी बोलून झालं आहे.

मी पाटल्यांचा डबा लपवायला गेलो तर डबा जागेवर नव्हता. तिने तो माझ्यापासून लपवला आहे. माझ्यापासून!

४ डिसेंबर, गुरुवार

पोलीस ठाण्यात गेलो. ड्युटीवरच्या बाई तरुण होत्या, शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, पैसे गेले नाहीत ना अजून? मग अर्धी लढाई जिंकलात. बाईंना थांबवा. गेलेच तर एक मिनिट न घालवता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या नंबरला, फोन करायचा, जितक्या लवकर तितकं बरं. आणि तक्रार द्या, मी लिहून घेते." कागद पुढे ओढला. "पत्रं कोण लिहितं, काही कल्पना?"

मी म्हटलं, चष्मा घरी राहिला, उद्या येतो. चष्मा नाकावर होता. त्यांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "या काका उद्या. मी आहे."

चौतीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या. थू माझ्यावर.

दुपारी उन्नतीचा फोन. आवाजात साखर. "सर, एक अर्जंट आहे. ग्राहकाचं पार्सल अडकलंय. जरा भावनेनं लिहा, की तुझ्याशिवाय माझं कुणी नाही, दोन दिवसांत काहीतरी कर. बऱ्याच जणांना... म्हणजे बऱ्याच जणांचं असं अडकतं हो हल्ली."

तिथेच तिचे वाभाडे काढणार होतो. तोंडापर्यंत आलेलं गिळलं. म्हटलं, "लिहितो. तू वाचणार आहेस का एकदा?"

"छे हो सर. तुम्ही पाठवा, मी ढकलते."

संध्याकाळपर्यंत लिहिलं. चार मसुदे फाडले. शेवटचा इथे उतरवून ठेवतो:

'प्रिय सखी, दूर समुद्रावर दिवस मावळताना तुझी आठवण अशी दाटून येते की लाटांनाही वाट सापडत नाही. तुझ्याशिवाय ह्या जगात माझं कुणी नाही, हे तुला किती वेळा लिहू?

आता पुढचं सावकाश वाच. समुद्र नाही, बोट नाही. मी अनिमेष नाही, डॉक्टर नाही, विधुर इंजिनिअर नाही. तुला आलेली पत्रं भिवंडीतल्या एका चौऱ्याहत्तर वर्षांच्या मास्तराने लिहिली आणि चोरांनी ती तुझ्यासारख्या अनेकींना पाठवली. मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नाही. मला कौतुक हवं होतं. पार्सल खोटं आहे. एक रुपया देऊ नकोस. दिला असशील तर ह्या क्षणी १९३० ला फोन कर आणि लाज बाळगू नकोस, लाज माझी आहे. ज्याने तुला कधी तोंड दाखवलं नाही त्याला तू काही देणं लागत नाहीस. पोलिसांना माझं नाव सांग. त्र्यंबक विष्णु दिघे, दुसरा मजला,' आणि खाली इमारतीचं नाव, गल्ली, सगळा पत्ता.

फोटो पाठवला. मिनिटाभरात उन्नतीचा अंगठा आला, आणि दोन जोडलेले हात.

५ डिसेंबर, शुक्रवार

साडेदहाला सुनीती बाहेर जायची साडी नेसून तयार होती. पिशवीत डबा. मी दार अडवून उभा राहिलो नाही. खुर्चीत बसून राहिलो, इतका घाबरलो होतो. तिचा फोन वाजला, अनिमेषसाठी लावलेला तो खास आवाज. तिने चष्मा लावला, उभ्याउभ्या वाचू लागली. आधी चेहरा फुलला. मग ओठ हलायचे थांबले. परत वर जाऊन पहिल्यापासून वाचलं. तिसऱ्यांदाही वाचलं.

मला वाटलं रडेल. तिने पिशवीतला डबा काढून माझ्या मांडीवर आदळला. मांडी अजून दुखते आहे.

"तू माझ्या आईला विकलंस."

"सुनीती, मला माहीत..."

"नव्हतं माहीत! ते वाचलं मी. छान लिहिलंयस. नेहमीच छान लिहितोस." आत गेली, कडी लावली. दिवसभर बाहेर आली नाही. मी भात टाकला, तो करपला, आणि तोच खाल्ला.

बाराच्या सुमारास उन्नती. फोनमधून थुंकी उडेल अशी ओरडत होती. "सर, काय केलंत हे? सगळ्यांना गेलं ते! वरचे लोक मला सोडणार नाहीत!"

मी जन्मात दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या. कारटे म्हटलं, चांडाळणी म्हटलं. माझ्या बहिणीच्या हातचा चहा पिऊन तिलाच?

"तुमची बहीण यादीत आहे हे मला काय माहीत? यादी वरून येते." मग एकदम आवाज खाली आणून, अगदी शेवटच्या बाकावरून बोलावं तसं, म्हणाली, "आणि सर, तुम्हाला काय वाटलं होतं? पाकीट देऊन पत्रं लिहून घेतात, ती कशासाठी? तीन महिन्यांत एकदा तरी विचारलंत का, कुणाचं लग्न झालं म्हणून?"

फोन ठेवला. नंबर आता बंद आहे.

ते वाक्य काही कानातून जात नाही. लग्न जुळवायचं केंद्र, आणि मी एकदाही अक्षता कुठे पडल्या ते विचारलं नाही.

दुपारी पोलीस ठाण्यात गेलो. चष्मा लावून. पत्रं कोण लिहितं ते सांगितलं. मसुद्यांची वही, फोन, उन्नतीचं नाव, सगळं दिलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं, मधे एकदा फक्त पेन थांबवून विचारलं, "कविता तुमच्या स्वतःच्या?" मी हो म्हटलं. पुन्हा लिहू लागल्या.

७ डिसेंबर, रविवार

सुनीती बाहेर आली आहे. स्वयंपाक करते, माझं ताट वाढून ठेवते, बोलत नाही. ताट ठेवताना आवाज मात्र करते.

सकाळी अकरा वाजता बेल वाजली. पोलीस असतील म्हणून शर्ट घालून दार उघडलं.

दारात एक बाई. पंचावन्नच्या पुढची, उन्हाने रापलेली, हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, हातात नायलॉनची पिशवी आणि फोन. जिना चढून धाप लागली होती.

"दिघे मास्तर तुमीच का?"

"हो. आपण?"

"मी कमळ. गनेशपुरीशी आलेय, एस्टीनं. मठाच्या रस्त्याला माजं फुलांचं दुकान हाय." फोन वर केला. पडद्यावर माझं पत्र. "ह्यो पत्ता तुमचाच ना?"

मला वाटलं पैसे मागायला आली. म्हटलं, "बाई, किती गेले? मी तक्रार दिली आहे, आपण दोघं जाऊन..."

"गेलं ते गेलं. एकोनीस तीसला फोन केला का काय ते, पोरीनं केला, अर्जी झाली. पैशासाटी न्हाय आले मी." ती आत आली, चप्पल दाराशी नीट जोडून ठेवली. "तीन म्हैने मी त्याच्याशी बोलले. रोज. दुकान लावताना, दुकान बंद करताना. मना वाचाया जड जातं, मी एकेक ओळ दहा वेला वाचायची. तो कसा दिसतो ते म्हाईत न्हाय, त्याचा आवाज म्हाईत न्हाय. म्या मनानं एक आवाज लावला व्हता त्याला." एवढं बोलून माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. माझा बनियन शर्टातून दिसत होता. "चोर काय मना सापडायचा न्हाय. पन लिवनारा तर हाय ना जित्ता. तर म्हटलं, बगून येवा."

स्वयंपाकघराच्या दारात सुनीती येऊन उभी होती. हातात कणकेचा गोळा.

मी हात जोडले. म्हटलं, मला क्षमा...

"त्ये नको." तिने फोनवर बोटाने वर वर सरकवत नेलं, खूप मागे नेलं, आणि माझ्या हातात दिला. परतीच्या पावसावरचं पत्र होतं. माझं पहिलं. 'सखे, तुझं नाव मला ठाऊक नाही, तरी' असं सुरू होणारं. ह्या पत्रावर मी किती खूश झालो होतो.

"वाचा," ती म्हणाली. "तोंडानं. मना ऐकायचा हाय."

मी खुर्चीत बसायला गेलो.

"बसून न्हाय," कमळ म्हणाली.

सुनीतीने हातातला गोळा ताटलीत ठेवला, पुढे येऊन त्या बाईला खुर्ची ओढून दिली आणि तिच्या शेजारी स्वतः बसली. दोघी माझ्याकडे बघू लागल्या.

मी उभा राहून वाचायला लागलो.